दुसरा ब्रेक

मास्तरांनी पाकिटातून लायसन्स काढलं आणि कारकुनाच्या टेबलावर पालथं ठेवलं, फोटो खाली. कारकुनाने ते सरळ केलं. नंबर फोटोच्या बाजूला होता आणि तो रजिस्टरमध्ये उतरवायचा होता, त्याला इलाज नव्हता.

"सर, इथे सही," मान वर न करता तो म्हणाला.

हा कारकून मास्तरांकडेच गाडी शिकलेला. रिव्हर्स घेताना डोळे मिटून घ्यायचा, त्यामुळे तीनदा नापास झाला होता. शहरातल्या निम्म्या लोकांना मास्तरांनीच शिकवलं होतं आणि इतकी वर्षं ते ही गोष्ट मिरवत आले होते. आज मात्र दारावरच्या शिपायापासून सगळे ओळखीचे निघत होते. सरकारी वकीलबाईंनी तर शिक्षेची मागणी करताना 'आरोपी' म्हणण्याच्या जागी 'सर' म्हटलं, आणि कोर्टात हसू पिकलं. तेव्हा मास्तरांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

निकाल अर्ध्या तासापूर्वीच लागला होता. दंड, सहा महिने लायसन्स निलंबित, आणि तीस दिवस सरकारी इस्पितळाच्या अपघात विभागात सेवा. वकीलबाईंनी लायसन्स कायमचं रद्द करायला सांगितलं होतं. लोकांना गाडी शिकवणारा माणूसच भरदुपारी दारू पिऊन गाडी चालवायला लागला तर बाकीच्यांना काय बोलायचं, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नव्हतं.

"मागणी योग्यच आहे," न्यायाधीश म्हणाले होते. "पण आरोपीने त्याही अवस्थेत वेळेवर ब्रेक लावला. तसं जबाबात आहे. समोरच्या बाई हातभर अंतरावरून वाचल्या. ही एकच गोष्ट त्यांच्या बाजूने आहे आणि तेवढ्यावरच मी त्यांना संधी देतोय."

मास्तरांनी मान खाली घातली होती. बघणाऱ्यांना वाटलं, पश्चात्ताप झाला.

सही करून ते बाहेर आले. बायको बाकावर बसली होती. तिच्या शेजारी ती बाई उभी होती, हातभर अंतरावरून वाचलेली. ती नर्स होती, आणि अपघात विभागातच कामाला होती.

"म्हणजे महिनाभर आमच्याच वॉर्डात येणार तुम्ही," नर्स म्हणाली.

"हो."

"राग आहे माझा तुमच्यावर. खोटं कशाला बोलू? पण रोज बघते मी, प्यायलेल्या माणसाचा पाय ब्रेकपर्यंत पोचतच नाही. तुमचा पोचला. वॉर्डात सगळ्यांना सांगितलंय मी, माणूस चुकला, पण पाय नाही चुकला."

मास्तरांनी हातातलं पाकीट खिशात ठेवलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती पर्सच्या साखळीशी खटपट करत होती.

"सवय आहे ना त्यांना," बायको म्हणाली. "पंचवीस वर्षांची."

तिने सांभाळून घेतलं होतं, आणि त्यामुळे मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दिवशी एका जुन्या सहकाऱ्याच्या निरोपाचं जेवण होतं, दारूही झाली होती. तिथून निघताना बायको म्हणाली होती, टॅक्सी करू या. "टॅक्सी? मी?" असं म्हणून मास्तर हसले आणि आपल्या ड्रायव्हिंग शाळेच्या गाडीत जाऊन बसले. त्या गाडीला दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारी बसणाऱ्या शिक्षकाच्या. कुठे जायचं झालं की बायको त्या शिक्षकाच्या जागेवर बसायची आणि पाय सीटखाली ओढून घ्यायची. तशी मास्तरांची ताकीदच होती. लग्न झाल्यावर एकदा तिचा पाय चुकून त्या पेडलवर पडला होता, तेव्हा त्यांनी तिला चारचौघांत फैलावर घेतलं होतं. तिला गाडी शिकवायचंही त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. "तुझं काम नाही ते," एवढंच म्हणायचे.

त्या दुपारी इस्पितळासमोरच्या पादचारी पट्ट्यांवर गाडी गचकन थांबली. मास्तरांचं डोकं स्टिअरिंगवर आपटता आपटता वाचलं.

"पाय काढ!" ते ओरडले. "किती वेळा सांगितलंय, त्या ब्रेकला पाय लावायचा नाही म्हणून!"

बायकोने पाय काढला नाही. ती फक्त समोर बघत राहिली. तेव्हा कुठे मास्तरांनी समोर पाहिलं. बॉनेटला हात टेकून एक बाई उभी होती आणि तिचा डबा रस्त्यावर गडगडत चालला होता.

पोलीस आला, त्याने मास्तरांना यंत्रात फुंकायला लावलं, आकडा वाचून तोंड वाकडं केलं. मग म्हणाला, "ब्रेक वेळेवर मारलात म्हणून. नाहीतर तुमचं काही खरं नव्हतं."

"हो," मास्तर म्हणाले.

त्या एका 'हो'चं पोलिसाने चांगलं लांबलचक वाक्य केलं आणि मास्तरांनी त्याखाली सही केली. बायको तेव्हा चार पावलांवर होती, रस्त्यावरचा डबा उचलून पुसत होती. तिने ऐकलं होतं. घरी आल्यावर तिने अवाक्षर काढलं नाही, दुसऱ्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. तिने आकांडतांडव केलं असतं तर बरं, असं त्यांना रोज वाटायचं.

कोर्टातून घरी जायला बस होती. मास्तर कित्येक वर्षांत बसमध्ये चढले नव्हते. चढल्यावर सवयीने त्यांनी ड्रायव्हरचा आरसा पाहिला, तो नीट लावलेला नव्हता. एरवी त्यांनी सांगितलं असतं. आज ते मुकाट्याने बायकोशेजारी बसले.

दुसऱ्या चौकात एक म्हातारा रस्ता ओलांडत होता. बसचा ब्रेक लागायच्या आधीच बायकोचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला. मास्तरांनी तो पाहिला. चपलेत बोटं पांढरी पडली होती. म्हातारा पलीकडे गेला, बस पुन्हा निघाली, तरी पाय तसाच.

"अगं, पाय..." एवढं बोलून ते थांबले. पुढचा शब्द त्यांना उच्चारवेना.

बायकोने खाली पाहिलं आणि पाय सैल सोडला.

"होतं असं," ती म्हणाली. "त्या दिवसापासून. घरी खुर्चीत बसले तरी होतं. झोपेतसुद्धा."

"बोलली नाहीस."

"काय बोलायचं?"

मास्तरांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

"कोर्ट किती वाजेपर्यंत असतं?"

"पाचपर्यंत. का?"

"जबाबात एक चूक आहे."

ती त्यांच्याकडे वळली नाही. बाहेर दुकानं मागे पडत होती.

"लायसन्स जाईल," ती म्हणाली. "कायमचं."

"जाईल."

"शाळाही बंद पडेल."

"पडेल. कदाचित वरून खोट्या जबाबाचीही शिक्षा होईल."

"मला वाटलं होतं, तुम्ही पोलिसालाच सांगाल," ती हळूच म्हणाली. "मग वाटलं, कोर्टात सांगाल. मघाशी त्या नर्सबाई बोलत होत्या तेव्हासुद्धा वाटलं. म्हटलं, आता नाही बोलले तर राहिलंच हे."

मास्तरांनी डोळ्यांना रुमाल लावला. पुढच्या सीटवरच्या माणसाने वळून पाहिलं, तर पाहू दे.

बायकोने हात वर करून बटण दाबलं. घंटी वाजली, आणि ड्रायव्हरने वेग कमी केला.

"तू घरी जा," मास्तर उठत म्हणाले. "मी येतो सांगून."

"वा! ब्रेक मी लावला आणि सांगायला तुम्ही एकटे?" तिने पर्स खांद्याला लावली. "सरका, मला आधी उतरू द्या."

मास्तर सरकले. बस थांबली.