मनियारणीचं मनगट

सायरानं नवरीचा हात आपल्या डाव्या मुठीत धरला, तिचा अंगठा तळव्यात दाबला आणि उजव्या हातानं पहिली हिरवी बांगडी चढवली. बांगडी अंगठ्याच्या गाठीशी अडली. सायराचा श्वासही तिथंच अडला. मग तिनं उजवं मनगट जरासं फिरवलं, तशी बांगडी गाठीवरून घसरून जागेवर बसली.

"दुखलं का वं, गोजर?"

"नाही, मावशी."

खरं तर सायरानं ते आपल्याच मनगटाला विचारलं होतं. ती देऊळघाटची मनियारीण, बांगड्या भरणारी; गावातल्या निम्म्या बायकांच्या हातात तिनंच भरलेल्या बांगड्या होत्या, पण आजचा चुडा ती धास्तावून भरत होती.

दोन वर्षांपासून उजवं मनगट सुजायचं. बांगडी फिरवताना हाडावर हाड घासायचं आणि डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. शेवटी नवऱ्यानं, गुलाम रसूलनं, तिला बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर भले होते, उगीच धीर देणारे नव्हते.

"हाडांमधली गादी झिजली आहे," ते म्हणाले. "नागपूरला ऑपरेशन करून हाडं जोडता येतील. मग दुखणं बहुतेक जाईल, पण मनगट वळणार नाही. नाहीतर तीन महिने कसरत करा. झिजलेलं भरून येत नाही, पण भोवतीचं बळ वाढतं. गुण येईलच, असं मात्र मी म्हणत नाही."

गुलाम रसूलला ऑपरेशन पटलं होतं. "दुखणंच गेलं तं अजून काय पाह्यजे?"

"मनगट नाही वळलं तं बांगड्या काय कोपरानं भरू?" सायरा म्हणाली.

तिनं कसरत धरली. रोज सकाळी हात कोमट पाण्यात शेकायचा, मग खाटेच्या कडेवरून मनगट बाहेर सोडून, पाण्याचा लोटा धरून खालीवर करायचं. शेजारची झुंबरबाई हसायची, "सायरा लोट्याले सलाम शिकवून राह्यली!" पहिला महिना नुसता ठणका. पुढं कधी बरं वाटायचं, कधी पहिले पाढे पंचावन्न. तीन महिने भरत आले तरी गुण आला की मनाचे खेळ, हे काही तिला ठरवता येईना. नागपूरच्या ऑपरेशनच्या कागदावर अंगठा द्यायचा की नाही, ते येत्या सोमवारी सांगायचं होतं.

तेव्हा तिनं मनाशी एक पण केला. गोजरचा चुडा एकही बांगडी न वाढता भरला, तर ऑपरेशन नाही. एक जरी वाढली, तर नागपूर. बांगडी 'फुटली' म्हणायचं नसतं, 'वाढली' म्हणायचं, हे तर तिच्या धंद्याचं पहिलं अक्षर. आता शहाण्या बाईनं असला पण करावा का? पण घाबरलेला माणूस काडीचाही आधार घेतो.

पहिला हात दहा बांगड्यांनी भरला. दुसऱ्या हातात अकरा जायच्या होत्या. नऊ गेल्या. दहावी गाठीवर आली आणि कट्कन आवाज झाला.

ओसरीवरच्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. गोजरची आई रुखमाबाई तेवढी शांतपणे म्हणाली, "वाढली. वाढू दे, सायराबी. दुसरी घाल."

सायरानं दुसरी घातली, अकरावीही घातली. गोजर वाकून पाया पडली, तेव्हा सायराचे डोळे भरून आले. बायकांना वाटलं, पोरगी सासरी जाणार म्हणून.

परतताना गुलाम रसूलनं बांगड्यांची पेटी खांद्यावर घेतली होती. सायरानं त्याला पणाचं सांगून टाकलं. 

"मी येतो तुह्यासंग नागपूरले," तो म्हणाला. मग चार पावलं गेल्यावर त्यानं विचारलं, "पण तुहा कोणता हात सरकला?"

"काऊन?"

"सहज पुसून राह्यलो."

सायरा भर रस्त्यात थांबली. तिनं डाव्या मुठीत हवेतलाच एक हात धरला, उजव्या हातानं हवेतलीच बांगडी चढवली आणि उजवं मनगट फिरवलं. ते सुरेख फिरलं. तेव्हाही फिरलंच होतं. सुटली होती ती डावी मूठ. अंगठ्यावरचा दाब ढिला पडला, पोरीची गाठ वर उसळली आणि बांगडी वाढली. दोन वर्षं उजव्याला जपायचं म्हणून पाणी ओढायचं डाव्यानं, पीठ मळायचं डाव्यानं, मिरच्या कुटायच्याही डाव्यानंच. बिचारा थकणार नाही तर काय?

"अजी, उजवा तं पास झाला! डाव्यानं दगा देला!" असं म्हणून ती इतकी हसली, की बांधावरची गुरं मान वर करून पाहू लागली. छातीवरचा धोंडा उतरला होता. गुलाम रसूलही हसला, पण पेटी सांभाळून.

सोमवारी डॉक्टरांनी नागपूरचा कागद पुढं सरकवला. शाईची गादी उघडली.

"काय ठरलं, बाई? ऑपरेशन की कसरत?"

सायरानं कागद अलगद परत सरकवला आणि टेबलावर आपला डावा हात ठेवला.

"उजवा शिकला, साहेब. आता ह्याले शिकवा."