बाण नसलेला तुकडा

अरुणाने चुनखडकावर आम्लाचा थेंब सोडला. तो फसफसला. शेजारच्या काळपट शेल खडकावर थेंब नुसताच ओघळला, तशी तिने नोंद केली आणि मान वर केली. जुरोंगमधल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळे प्रणिताच्या पेटीभोवती गोळा झाले होते.

बोगद्याच्या कामासाठी जमिनीखालून काढलेले खडकाचे दांडे पेट्यांत ओळीने मांडायचे, थर नोंदवायचे, हे अरुणा वर्षानुवर्षे करत आली होती. एवढ्या वर्षांत तिला धड एक शिंपला सापडला नव्हता. आणि पुण्याहून कालपरवा आलेल्या या पोरीला चुनखडकाच्या एका तुकड्यात शिंपल्यांचा अख्खा थर मिळाला. येत्या भूशास्त्र परिषदेत त्यावर प्रणिताच बोलेल, असं गटप्रमुख सुबोधसरांनी जाहीरही करून टाकलं. अरुणाने सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या, पण हेव्याने तिचा जीव नुसता जळत होता.

दुपारी सगळे जेवायला हॉकर सेंटरला गेले. आपला डबा आहे म्हणून ती मागे राहिली. पोळी-भाजीचा शेवटचा घास तोंडात असतानाच, हातही न धुता, तिने तो तुकडा उचलून भिंगाखाली धरला. नखाएवढे शिंपले, पालथ्या घातलेल्या वाट्यांसारखे. सुंदर होते मेले. मग तिच्या लक्षात आलं, तुकड्यावर बाण नव्हता. दांडा बाहेर आला की आधी वरची बाजू दाखवणारा लाल बाण, मग बाकी सगळं, हे तिनेच प्रणिताला शिकवलं होतं. आनंदाच्या भरात पोरगी विसरली. अरुणाला बरं वाटलं. तेवढ्यात बाहेर पावलं वाजली आणि तिने तुकडा घाईघाईने पेटीत ठेवून दिला.

सुबोधसर पेटीवर वाकले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. प्रवाहातले शिंपले पालथे बसतात, हे सगळे उताणे कसे, असं त्यांनी विचारलं. तुकड्याची टोकं ड्रिलने घासून गेली होती, त्यामुळे शेजारच्या तुकड्यांशी जुळवून पाहायची सोय नव्हती. आपण तुकडा उलटा ठेवला, हे अरुणाला त्याच क्षणी कळलं.

“सकाळी पालथेच होते, सर,” प्रणिता म्हणाली. “पण बाण काढायचा राहिला.”

“मग पुरावा काय? परिषदेत अरुणालाच बोलू दे तिच्या पेट्यांवर. तिचा बाण कधी राहत नाही.”

अरुणाने मान डोलावली. हवं ते मिळालं होतं.

सर गेल्यावर प्रणिताने तुकड्यावर पाणी मारलं आणि तो फडक्याने पुसला. फडक्यावर हळदीचा पिवळा डाग उमटला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग डाग आत जाईल अशी तिने फडक्याची घडी घातली, तुकडा फिरवून ठेवला आणि त्यावर लाल बाण काढला.

“ताई,” मान वर न करता तिने विचारलं, “आज डब्यात काय होतं?”

अरुणाने पिवळी बोटं मुठीत मिटून घेतली.