ओरेस्टचे लाल दिवे

पार्सल कचेरीत गाडीची किल्ली लारिसाच्या मुठीत होती. खिडकीच्या काचेवर बर्फाचे कण वाळूसारखे घासत होते. ओरेस्टने हातमोजे घातले, काढले, पुन्हा घातले. पार्सलांच्या गाड्या कुणी कुठे न्यायच्या हे त्याची मुलगीच ठरवी, आणि तिच्या हाताखाली काम करण्यात त्याला कधी कमीपणा वाटला नव्हता. पण आजची ती मूठ साहेबाची नव्हती, लेकीची होती.

“दे किल्ली.”

“तातो, मागच्या जानेवारीत पायाची दोन बोटं बर्फात ठेवून आलात. आता काय अख्खा पाय ठेवायचाय?”

खोटं नव्हतं. वादळात पुढच्या ट्रकचे लाल दिवे धरून तो गाडी चालवत होता. ट्रक रस्त्याकडेच्या चरात उतरला आणि त्याच्यामागून, निमूट, ओरेस्टही. या सपाट मुलखात माणसं अशीच चुकतात. सगळं पांढरं झालं की जे एवढंसं दिसतं, त्यालाच रस्ता मानतात.

“आजच्या पार्सलांत शेतावरच्या टेक्लाआजीचं इन्सुलिन आहे. तिच्याकडचं संपलंय,” तो म्हणाला. “रस्ता अजून बंद केलेला नाही. तू शेजारी बस. माझी एक चूक काढलीस, की किल्ली कायमची तुझी.”

लारिसाने एकदा खिडकीबाहेर पाहिलं. मग किल्ली टेबलावर सरकवली.

त्याने टेक्लाआजीला निघत असल्याचा फोन केला. फावडं, मेणबत्त्या, ब्लँकेटं पाहिली. इन्सुलिन गोठू नये म्हणून शर्टाच्या आत, छातीशी ठेवलं. मग गाडीच्या मागे जाऊन लाल दिव्यांवरचा बर्फ बाहीने पुसू लागला.

“मागचे दिवे कोण बघणार आहे?” लारिसा करवादली.

“मागचा.”

अर्ध्या वाटेपर्यंत वारा जमिनीलगत सरपटत होता. मग तो उठून उभा राहिला, आणि आकाश, शेतं, रस्ता यांच्यातल्या सीमारेषा एकाएकी पुसल्या गेल्या. उरला तो एक आंधळा उजेड, जणू जग अजून लिहिलंच गेलं नव्हतं.

ओरेस्टने वेग कमी केला. तेवढ्यात आरशात दोन पिवळे ठिपके उमटले. त्यांच्यामागे आणखी दोन.

“तातो, आपल्यामागे रांग लागलीय.”

त्याने आरशात पुन्हा पाहिलं. त्या दिवशी त्याने ज्या दिव्यांवर जीव सोपवला, ते दिवे आज त्याच्याच पाठीला होते.

“थांबूया?” लारिसाचा आवाज बारीक झाला होता.

“थांबलो तर मागचा आपल्यावर आदळेल, त्याच्यामागचा त्याच्यावर. खिडकी उघड. चरात पाणकणसांची वाळकी धाटं उभी असतात. ती तुझ्याजवळ आली की ओरड.”

वारा आत घुसला. ओरेस्टने रेडिओ बंद केला. लारिसाच्या बाजूचं उजवं चाक कडेच्या खडीवर गेलं की बर्फाखालून करकर येई, आणि तो स्टिअरिंग केसभर डावीकडे घेई.

“आली! आली, तातो!”

“किंचाळतेस काय! सांग नुसतं.”

“तुम्हीच म्हणालात ओरड!”

तो हसला, पण पाय ब्रेककडे गेला नाही. मुलीचे डोळे आणि त्याचे कान, एवढ्यावर गाडी सरकत राहिली, आणि त्या गाडीवर मागची सगळी रांग.

अखेर पांढऱ्यात एक पिवळा डाग फुलला. फोन ठेवल्या ठेवल्या टेक्लाआजीने अंगणातला मोठा दिवा लावला होता. कुणी येणार असलं की इथे सगळेच लावतात. ओरेस्ट हळूच वळला आणि मागच्यांना जागा व्हावी म्हणून गाडी थेट कोठारापर्यंत नेली. एकामागून एक सगळे आत आले: पाद्रीबुवांची छोटी मोटार, एका नवपरिणीत जोडप्याची पिकअप आणि शेवटी दुधाचा टँकर.

टँकरवाला उतरून भोवती पाहू लागला. “हे यॉर्कटन ना?”

“यॉर्कटन बिर्कटन उद्या!” टेक्लाआजी दारातून गरजली. “आधी बूट काढा, फरशी पुसलीय!”

ओरेस्टने शर्टातून डबी काढून दिली. तिने ती गालाला लावली. “अंड्यासारखी उबवलीस की रे!”

बटाटा भरून उकडलेल्या पिरोहींच्या वाफेत हसण्याचा कल्लोळ उठला. “ओरेस्ट, तुझ्यामागून माणसं बिनबोभाट येतात,” पाद्रीबुवा तोंडातला घास सावरत म्हणाले. “माझ्यामागून देवळातसुद्धा येत नाहीत.”

लारिसा हसली नाही. ती खिडकीतून अंगणातल्या त्या चार गाड्यांकडे पाहत होती.

वारा पडल्यावर ते परतले, तेव्हा बर्फावर संध्याकाळ निळी होत होती. ओरेस्ट लंगडत कचेरीत आला, आणि किल्ली त्याने स्वतःच तिच्यापुढे ठेवली.

“सांग. चूक झाली माझी?”

लारिसाने किल्लीला हात लावला नाही. खुंटीवरची, इंजिन गरम ठेवायची विजेची तार तिने खांद्यावर टाकली. सकाळी जी गाडी निघायची असेल, तिलाच ती तार रात्रभर लावत. ती दार लोटून बाहेर गेली, आणि त्याच्या गाडीमागून जाताना तिने बाहीने आधी एक लाल दिवा पुसला, मग दुसरा.