तळाचं तूप

बरणीचं फडकं सोडलं आणि मला आधी शरयूच्या ओकारीचाच वास आला, खांद्यावर वाळलेल्या दुधाचा. कडेवरच्या शरयूचं तोंड पुसून पाहिलं. कोरडं होतं. वास तुपाचा होता.

सासूबाई बीबी गावाहून ती बरणी मांडीवर घेऊन एसटीनं बुलढाण्याला आल्या होत्या. आमच्याकडे उष्टावणाचा पहिला घास घरच्या म्हशीच्या तुपाचा, आणि तो आजीनंच भरवायचा. थोड्या वेळात शेजारच्या बायका जमणार होत्या.

"पाह्य, कसा रवा धरला!" सासूबाई म्हणाल्या. "वैशाखात कढवलं. तवा तूप पातळच राह्यते, अन् लोक म्हणतात भेसळ हाय. म्हणून म्या कोमट असताच गार पाण्याचे हबके मारले अन् बरणी ओल्या रेतीत दाबली."

"पाणी? तुपात?"

"मंग? रवा का आभाळातून पडते?"

वरचे दाणे खरंच सुरेख होते. पण ते रेतीच्या गारव्यानं आले होते, तूप सावकाश निवलं म्हणून. पाण्यानं फक्त तळ गाठला होता. बरणी तिरपी केली तर खाली धुरकट, बुळबुळीत काहीतरी हललं. वर वैशाखाचा उकाडा, खाली पाणी. तूप आतल्या आत फुटत गेलं होतं. कॉलेजात ब्युटिरिक आम्लाच्या परीक्षानळीतून हाच वास आला तेव्हा मी नाकाला रुमाल लावला होता. आता तो माझ्या लेकीच्या जिभेवर जाणार होता.

"आई, हे नासलंय."

"जुनं तूप औषध असते. चार बुकं शिकली म्हणून घरचं तूप नासते काय वं?"

मी ह्यांना बोलावलं. हे कोर्टात कारकून. तारीख पुढं ढकलायची सवय घरीही. बोट बुडवून चाटलं, डोळे बारीक झाले, तरी म्हणाले, "चालेल. थोडंसंच तर भरवायचंय."

मला त्या बोटाचीही किळस आली.

बायका आल्या. सासूबाईंनी मऊ भातात तूप कालवलं. मी म्हटलं, "औक्षणाचं निरांजनही ह्याच तुपाचं लावते."

"आता कशी बोलली!" त्या खूश झाल्या.

मी पळी तळापर्यंत घातली. वात पेटवली तशी ती तडतडली, एक थेंब उडून ताटात पडला, आणि तापलेला घाण वास खोलीभर पसरला. शेजारच्या पुष्पाबाईंनी पदर नाकाला लावला. "अगंबाई, पाणी घातलेलं तूप! कोणत्या दुकानातून आणलं?"

सासूबाईंचा चेहरा उतरला. ज्या बोलण्याच्या भीतीनं पाणी मारलं, तेच बोलणं समोर आलं होतं. त्यांच्या बोटांत घास होता आणि समोर शरयूनं भाबडं तोंड उघडलेलं. मी तिला मागं ओढायला हात पुढं केला.

त्यांनी घास स्वतःच्या तोंडात टाकला. चावला नाही. गिळला.

"गरम हाय का पाह्यलं," त्या बायकांना म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, हळूच, "दूधभात आण. अन् ते निरांजन विझव."

मी विझवलं. बोटं राखेनं घासली, तरी वास जाईना. दूधभात घेऊन आले तेव्हा सासूबाई तोंड मिटून बसल्या होत्या, आणि त्यांचा गळा अजून आवंढे गिळत होता.