गुंडाळलेल्या ट्यूबची कबुली

मी मलमाची एक ट्यूब बोलतेय. पोटात जेमतेम दोन बोटं मलम उरलंय.

एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी मला औषधाच्या दुकानातून आणलं. दिवसभर मशीनवर बसून त्यांच्या कमरेला घाम यायचा, तिथे नायटा उठला होता. डॉक्टरांकडे जायला सवड नव्हती. शेजारणीने माझं नाव सांगितलं, तेवढं त्यांना पुरलं.

मला लावलं की दोन दिवसांत खाज थांबे. मग मी कपाटात. आठवड्याभरात चट्टा परत येई, आधीपेक्षा मोठा. पाच महिन्यांतली मी चौथी.

बाई चिंधीसुद्धा वाया घालवत नसत. मला खालून घट्ट गुंडाळत आणि वर कपड्यांचा चिमटा लावत. माझ्या अंगावरची बारीक अक्षरं त्या गुंडाळीत कधीच गेली.

काल सकाळी त्यांच्या आठ महिन्यांच्या नातीच्या मानेवर शर्टाच्या बटणाएवढा गोल चट्टा दिसला. घरात सगळ्यांना टॉवेल एकच.

बाईंनी माझं टोपण काढलं. बोटावर मलम घेतलं. बोट त्या कोवळ्या मानेकडे निघालं. मला ओरडता येत नाही.

"आई, थांब गं," लेक म्हणाली. "काय आहे त्यात?"

"लावून तर बघू. मला दोन दिवसांत आराम पडतो."

"दोन दिवसांत पडतो, मग पाच महिने काय लावतेयस?"

बोट हवेतच राहिलं. ते धरायला बाळाने हात पुढे केला. बाईंनी झटकन बोट मागे घेतलं आणि चिंधीला पुसलं.

तासाभरात आम्ही दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी चिमटा काढला, मला उलगडलं आणि वाचलं.

"यात स्टेरॉइड आहे. लाली, खाज दबते आणि नायट्याची बुरशी पसरत राहते. बाळाला लावलंत?"

"नाही." बाई म्हणाल्या, "बोटावर घेतलं होतं."

"बाळाला हे नुसतं बुरशीचं मलम. डाग गेला तरी मी सांगेपर्यंत थांबवायचं नाही. तुम्हाला गोळ्याही लागतील. टॉवेल ज्याचा त्याचा वेगळा, गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवायचा."

"ती बरी होईल ना?"

"होईल. वेळ तुम्हाला लागेल."

बाईंनी मला परत मागितलं नाही. आता मी इथेच टेबलावर आहे, सुरकुतलेली, पण उलगडलेली. तुमच्या कपाटात माझी एखादी बहीण असेल, तर तिला एकदा उलगडून वाचा. तिलाही ओरडता येत नाही.