फेट्याखालचं आजोळ

"टक्कल ही आजोळची इस्टेट आहे! बापाकडून घर येतं, शेत येतं, नाव येतं. टक्कल येतं ते फक्त मामाकडून!"

रेवणसिद्ध अप्पांनी हा सिद्धांत लातुरात, गंजगोलाईजवळच्या आपल्या भुसाराच्या दुकानात, गादीवर बसून मांडला आणि मांडता मांडता समाधानानं डोक्यावरून हात फिरवला. हात कपाळावरून निघाला तो थेट मानेवर जाऊन थांबला. वाटेत त्याला कुणी अडवलं नाही. अप्पांचं कपाळ नेमकं कुठं संपतं हे घरातल्यांनाही सांगता येत नसे. त्यामुळं सकाळी लावायच्या विभूतीचे पट्टे वर्षागणिक वर सरकत टाळूच्या वेशीला भिडले होते.

"मग दाजी, तुमचं कसं गेलं?" समोर बसलेल्या अमरेशमामांनी विचारलं.

"माझं टँकरच्या पाण्यानं गेलं. ते वेगळं."

अमरेशमामा म्हणजे अप्पांचे मेव्हणे, त्यांच्या बायकोचे, गौरम्मांचे, धाकटे भाऊ. उदगीरला त्यांचं कंगवे, क्लिपा आणि रिबिनींचं दुकान होतं आणि स्वतःचं डोकं घासलेल्या परातीसारखं लख्ख होतं. बायका कंगवा उचलून "टिकंल का?" म्हणून विचारायच्या आणि मालकाच्या डोक्याकडं बघून उत्तर न ऐकताच पुढच्या दुकानात जायच्या. मामांना त्याचं काही वाटत नसे. वाटलं ते परवा, अक्काचा फोन आला तेव्हा.

झालं होतं असं. अप्पांचा मुलगा वीरेश, कारखान्यात इंजिनिअर, डेंग्यूतून बरा झाला आणि अडीच-तीन महिन्यांनी त्याचे केस गळायला लागले. उशीवर केस, टॉवेलात केस, वरणात केस. त्या भीतीनं दोन स्थळं परत गेली. मग घरात उपचारांची जत्रा भरली. कांद्याचा रस झाला, जास्वंद झाली, कढीपत्ता झाला. कुणी सांगितलं म्हणून वीरेश पलंगाखाली डोकं सोडून झोपायला लागला. त्यानं केस आले नाहीत, सर्दी आली. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडं गेले. डॉक्टर म्हणाले, काही केस तापानं गळालेत, ते परत येतील. पण कपाळाच्या दोन कोपऱ्यांतून आणि टाळूवरून विरळ व्हायलेत ते वंशानं, त्याला औषध कायम घ्यावं लागेल. यातलं गौरम्मांना फक्त 'ताप' ऐकू आलं आणि अप्पांना फक्त 'वंश'. घरी येईपर्यंत मामांविरुद्ध निकाल लागला होता.

गौरम्मांनी माहेरची बाजू बरीच वर्षं लढवली होती, पण नांदेडचं तिसरं स्थळ आलं तेव्हा त्यांनीही हत्यार खाली ठेवलं. फोनवर म्हणाल्या, "अमरेश, ह्या बारीला तू येऊ नको. मुलीकडचे आधी मामाचं डोकं बघतेत. आणि लग्न ठरलं तर पाठीशी पण दुसऱ्या कुणाला उभं करू. फोटोत चमकतंय रे."

एकुलता एक भाचा, आणि बोहल्यावर त्याच्या पाठीशी मामा नाही! म्हणून अमरेशमामा पहिल्या एसटीनं लातुरात येऊन धडकले होते.

"दाजी, मी फेटा बांधून येतो," ते म्हणाले. "फेट्याखाली समदे सारखे. फक्त मला न्या."

अप्पा विचारात पडले. मग त्यांचा हात नकळत पुन्हा डोक्यावरून मानेपर्यंत जाऊन आला. "मग मीबी बांधतो," ते म्हणाले. "टँकरचं पाणी म्हणून कुणाकुणाला सांगत बसू?"

वीरेशलाही बांधावा असं ठरलं. तो वैतागला. "मामा, मुलगी बघायला चाललोय, घोड्यावर नाही!" पण दोघातिघांनीच बांधला तर संशय येईल, म्हणून दोन्ही काकांना बांधला, गावाकडच्या वैजनाथ आजोबांना त्यांची टोपी काढून बांधला आणि क्रूझरचा ड्रायव्हर "मला डोक्यावर केस हायत" म्हणत असताना त्यालाही बांधला. भगव्या फेट्यांनी भरलेली गाडी अहमदपूरला चहाला थांबली तर टपरीवाल्यानं पैसे घेताना विचारलं, "नवरी मागच्या गाडीत हाय का?"

नांदेडात तरोडा नाक्याच्या गल्लीत गाडी शिरली तेव्हा अण्णाराव, म्हणजे मुलीचे वडील, साध्या पाहणीच्या तयारीत दारात उभे होते. पोहे, चहा, बैठकीत चादर. गाडीतून एक फेटा उतरला, दुसरा उतरला, उतरतच राहिले. शेजारच्या पारूबाई गॅलरीत वाळवण घालत होत्या, त्या तिथूनच ओरडल्या, "अगं बया, हे तर टिळ्यालाच आलेत! अण्णा, पाव्हणे होकार डोक्यावर बांधून आलेत अन् तुम्ही पोहे काय दाखवायलाव?"

गल्लीत बातमी पसरायला पारूबाईंचा आवाज पुरेसा होता. कुणी पेढे आणायला पळालं, कुणी ताम्हण आणलं. अण्णाराव गोंधळले, मग खुलले. पाहायच्या आधीच होकार! एवढं घाईचं स्थळ का हे विचारायला हवं होतं, पण त्यांनाही घाई होती. आपल्या मुलीच्या डोक्यावर आज गजरा एवढा जाड का, हे कुणी विचारण्याआधी त्यांनाही काम उरकायचं होतं.

स्वप्नाली चहा घेऊन आली. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते म्हणे. रीतीप्रमाणं तिला आणि वीरेशला गच्चीवर बोलायला पाठवलं. अमरेशमामांनी सुटकेचा श्वास घेतला. पोरगी फेट्याकडं बघून नुसती हसली होती, बोलली काही नव्हती.

पारूबाईंनी मात्र ताबा घेतला. "दोघं बोलतील निवांत. तवर पाव्हण्यांचा मान करा. आधी मामा!"

अण्णाराव ताट घेऊन पुढं आले. कुंकू, अक्षता, टॉवेल आणि कोरी पांढरी टोपी. त्यांनी मामांना कुंकू लावलं, खांद्यावर टॉवेल टाकला आणि टोपी हातात धरून थांबले.

मामाही थांबले.

"फेटा काढा की मामा," पारूबाई म्हणाल्या. "टोपी कुठं घालावं, गुडघ्यावर?"

मामांनी आयुष्यभर किती लग्नांत, किती साखरपुड्यांत टोपी-टॉवेलाचा मान घेतला होता! डोकं झाकून आलं की मान वाढतो, आणि मान वाढला की डोकं उघडावं लागतं, एवढी गोष्ट साऱ्या लातुरात एकालाही सुचली नव्हती.

"असू द्या, फेट्यावरच ठेवा," ते म्हणाले.

"मनोरा करायचाय का?"

"आमच्यात... आज फेटा काढत न्हाईत."

"कामून?"

"सोमवार हाय."

"आज रविवार हाय, मामा."

गौरम्मांनी डोळे मिटून महादेवाचं नाव घेतलं. अप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं रविवार खोटा निघतो का ते बघत होते. मामांनी भाच्याच्या पाठीमागची आपली रिकामी जागा मनात बघितली, मोठा श्वास घेतला आणि फेटा उचलला.

खोलीत उजेड वाढला.

अण्णाराव डोक्याकडं बघत राहिले. मग त्यांची नजर हळूहळू अप्पांकडं वळली. अप्पांनी दोन्ही हातांनी फेटा दाबून धरला, पण पारूबाईंसारखी बाई समोर असताना असला किल्ला टिकत नाही. अप्पांचा उतरला. एका काकांचा उतरला. दुसऱ्या काकांनी तर न सांगताच काढला. ड्रायव्हरनं मोठ्या अभिमानानं काढला आणि केसांतून बोटं फिरवली. सगळे त्याच्याकडं बघायला लागले तसा तो ओशाळून बाहेर जाऊन उभा राहिला.

"म्हणजे," अण्णाराव म्हणाले, "गच्चीवर नवरदेवाच्या..."

तेवढ्यात गच्चीवरून हसण्याचा आवाज आला. साधं हसणं नाही, पोट धरून, भिंतीला टेकून हसतात तसलं. मग पायऱ्यांवर पावलं वाजली आणि दोघं खाली आली. वीरेश बोडका होता आणि त्याच्या हातात गजरा होता. फेटा स्वप्नालीच्या डोक्यावर होता, कानावर घसरलेला.

"पोरी!" अण्णाराव किंचाळले.

"बाबा, मी दाखवलं त्यांना." तिनं फेटा काढून मान वळवली. कानामागं रुपयाएवढी गोल, गुळगुळीत जागा होती. "चाई आहे. कीड नाही, संसर्ग नाही. शरीर आपल्याच केसांच्या मुळांवर उलटतं. डॉक्टर इंजेक्शनं देतायत, लव उगवायलीय. परत गळूही शकते, तेही सांगितलं."

"मी सांगितलं, माझे तापानं गेलेले येणारेत, बाकीचे चाललेत," वीरेश म्हणाला. "म्हटलं, एकाचे यायलेत, एकाचे जायलेत, घरात बेरीज तेवढीच ऱ्हाते."

बैठकीत कुणाला हसावं का रडावं कळेना. अप्पांनी संधी साधली. घसा साफ करून म्हणाले, "त्याचे चाललेत ते आजोळामुळं. मामाकडून येतं ते."

"नाही अप्पा," स्वप्नाली गोड आवाजात म्हणाली. "दोन्हीकडून येतं. आईकडून येतं, तसं बापाकडूनही येतं. एकट्या मामांना धरता येत नाही."

"आणि टँकरचं पाणी?" अप्पांनी विचारलं.

"पाण्यानं केस राठ होतात, तुटतात. टक्कल असं शिस्तीत पडत नाही."

गौरम्मांनी नवऱ्याच्या डोक्याकडं नीट बघितलं. लग्न होऊन एवढी वर्षं झाली, पण ते डोकं त्या पहिल्यांदाच पुरावा म्हणून बघत होत्या. अप्पा चादरीवरची नक्षी बघायला लागले. पारूबाईंनी तोंडाला पदर लावला आणि त्या पदरातून जो आवाज सुटला त्यानं बैठकीचा बांध फुटला. अण्णाराव हसले, काका हसले, वैजनाथ आजोबांना काय झालं ते कळलं नव्हतं तरी ते सगळ्यांत जास्त हसले.

हसून डोळे पुसल्यावर अण्णारावांनी वीरेशचा हात धरला. "लपवायचं तर दोघांनीबी लपवलं. आता उघडं हाय तेच पक्कं. आमचा होकार."

गौरम्मा उठून भावापाशी आल्या. सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हणाल्या, "अमरेश, बोहल्यावर पोराच्या पाठीशी तूच उभा ऱ्हायचं. असाच. बोडक्यानं. फोटो चमकला तर चमकू दे."

मामांचे ओठ थरथरले. बैठकीतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावायची तयारी केली, पारूबाई ताम्हण धरून तशाच थांबल्या. एवढा मान मिळालेला माणूस आता काय बोलतो म्हणून सगळे कान देऊन बसले.

मामांनी एकदा वर बघितलं.

"अक्का," ते म्हणाले, "तेवढा पंखा जराक कमी करायला सांग की. डोक्याला लई गार लागायलंय."