चिमी रस्ता ओलांडते

आई आणि मावशी, दोघी सख्ख्या बहिणी, एकाच रस्त्यावर राहायच्या. एक अलीकडे, एक पलीकडे. आता याला जवळ म्हणायचं की लांब, तुम्हीच ठरवा. रस्ता रुंद केल्यापासून त्यावरून गाड्या अशा पळायच्या, जशी कुठे आग लागलीय. एकदा आई अर्ध्यात पोचली आणि सिग्नल बदलला. दोन्हीकडून गाड्या सुटल्या, आणि ती मधोमध काठी छातीशी धरून उभी. त्या दिवसापासून तिने पलीकडे जायचं नाव टाकलं. लेकीने गाडीतून वळसा घालून नेते म्हटलं, तर समोरच्या घरी जायला गाडी कशाला, मी काय पाहुणी आहे, असं उलट विचारायची. हेका म्हणजे हेका.

मग दोघी आपापल्या खिडकीत बसून फोनवर बोलायच्या, हात हलवायच्या, भांडायच्यासुद्धा. पण मावशीची नजर अधू होत चालली होती, आणि डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की उरली आहे तीही फार दिवस टिकायची नाही. एका सकाळी मावशी फोनवर म्हणाली, "चिमे, तू आता खिडकीत दिसत नाहीस गं." आईने फोन ठेवला, पण दिवसभर ती खिडकीतून उठली नाही.

आईची धाकटी लेक सिग्नलच्या खात्यात होती. नेमकं याच चौकाचं काम तिच्याकडे आलं. खांबावरचा नवा कॅमेरा पायी चालणाऱ्याला ओळखायचा, त्याची चाल बघायचा आणि तो पलीकडे पोचेपर्यंत गाड्यांना लाल दिवा दाखवायचा. रस्ता अडवून चाचणी झाली. ऑफिसातली धडधाकट माणसं कमरेत वाकून, पाय ओढत, म्हाताऱ्यांची सोंगं घेऊन चालली. एकाने तर कण्हूनही दाखवलं; कॅमेऱ्याला कान नसतात हे त्या शहाण्याला कोण सांगणार! सगळ्यांसाठी दिवा थांबला. धाकटी हवेतच घरी आली.

जेवताना तिने आईला सगळं रंगवून सांगितलं. आई पाण्याचं भांडं घेऊन स्वयंपाकघरातून येत होती, ती मध्येच थांबली. तुझ्या यंत्राला माझा कंटाळा आला तर काय, असं विचारलं आणि मग पुढे चालू लागली. आईचं हे जन्माचंच होतं. तिला चालता चालता बोलता यायचं नाही. बोलायचं तर थांबायचं. घरात सगळे यावरून तिची थट्टा करायचे. आज मात्र धाकटीचा घास हातातच राहिला. सोंगं घेणारे हळू चालले होते, पण थांबलं कोणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा रस्ता अडवून ती स्वतः रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांवर जाऊन न हलता उभी राहिली. जरा वेळाने गाड्यांचा दिवा हिरवा झाला. यंत्राने तिला रस्त्यात पडलेलं पोतं समजून सोडून दिलं होतं. साहेबांच्या मागे हात धुवून लागून तिने सगळं नव्याने करायला लावलं. पट्ट्यांवर पाय ठेवलेला माणूस पलीकडच्या फुटपाथवर चढेपर्यंत यंत्राने सोडायचा नाही. मग तो चालो, थांबो, नाहीतर बसकण मारो.

नवा सिग्नल सुरू झाला त्या सकाळी मावशी पलीकडे सुनेचा हात धरून उभी होती. आईने धाकटीला हात धरू दिला नाही. यंत्रावर भरवसा आहे ना, मग माझा हात कशाला, म्हणाली. धाकटी एक पाऊल मागे उभी राहिली.

सिग्नलवर पायी जाणाऱ्यांचा हिरवा माणूस लागला. आई उतरली, मागोमाग धाकटी. काठी, पाऊल, काठी, पाऊल. बरोबर मधोमध पोचली आणि थांबली.

"हे सगळे कोणासाठी थांबलेत गं?" आईने विचारलं.

"तुझ्यासाठी."

आईने मान वळवून पाहिलं. गच्च भरलेली बस, मागे घराएवढा ट्रक, आणि नजर जाईल तिथवर गाड्याच गाड्या. एरवी क्षणाचा दम न धरणारा रस्ता एका म्हातारीचं बोलणं संपायची वाट बघत होता. मागे एक हॉर्न वाजला, तर बसच्या ड्रायव्हरनेच खिडकीतून हात काढून त्याला गप्प केलं. वर हिरवा माणूस तसाच होता. तारा धाकटीने स्वतःच्या हातांनी जोडल्या होत्या, तरी तिला खरं वाटेना.

आईचा आवाज पलीकडे पोचला होता. मावशीने सुनेचा हात झटकला आणि ती सरळ रस्त्यावर उतरली. सून घाबरून मागे धावली. मावशी काठीने चाचपडत मधोमध आली आणि आईच्या चेहऱ्याला चेहरा लागेल इतकी जवळ उभी राहिली. आईचा गाल तिने तळहातात धरला, उजेडाकडे वळवला आणि नीट निरखला.

"दिसलीस गं, चिमे."

आईला उत्तर द्यायचं होतं. म्हणजे थांबणं आलंच. हिरवा माणूसही थांबला.